४१३००१४१३००१ : सोलापूरचा पिनकोड सलग दोनदा लिहिला तर

सोलापूरच्या मुख्य टपाल कचेरीचा पिनकोड ४१३००१. तो शेजारी शेजारी दोनदा लिहिला की ४१३००१४१३००१ ही बारा अंकी संख्या मिळते. प्रकरण एवढंच आहे: या संख्येचे मूळ अवयव कागद-पेन्सिल आणि फार तर दुकानातला बारा अंकी कॅल्क्युलेटर घेऊन काढायचे, आणि त्या अवयवांवरून संख्येचे गुणधर्म वाचायचे. दहावीचं गणित येणाऱ्याला ते जमतं. पण पहिल्याच पावलावर वाट चुकण्याच्या जागा बऱ्याच आहेत, म्हणून हा सविस्तर आढावा.

पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. पहिला ४ हा पश्चिमेकडचा विभाग दाखवतो. पहिले तीन अंक टपालाची छाननी जिथे होते तो भाग सांगतात, म्हणून लातूरचा ४१३५१२, धाराशिवचा ४१३५०१ आणि बारामतीचा ४१३१०२ हेही ४१३ नेच सुरू होतात. शेवटचे तीन अंक टपाल कचेरीचे. हे अंक टपालाच्या सोयीने ठरलेले आहेत, अंकगणिताच्या नव्हे. तरीही ४१३००१ मध्ये जे सापडतं ते सुंदर आहे.

आधी स्वल्पविराम काढा

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर संख्या अशी दिसते: ४,१३,००,१४,१३,००१. म्हणजे एकेचाळीस हजार तीनशे कोटी चौदा लाख तेरा हजार एक. वाचायला हे बरोबर आहे, पण या मांडणीत संख्येची ठेवण पार लपून जाते. कोणालाही इथे एकच गोष्ट दोनदा आली आहे असं वाटणार नाही. तीन-तीन अंकांचे गट पाडले, ४१३ ००१ ४१३ ००१, की ती लगेच उघडी पडते. मोठी संख्या हातात आली की तिचे दोन-दोन, तीन-तीन, चार-चार अंकांचे गट पाडून पाहावेत. पुढचे काही तास त्यामुळे वाचतात.

ते कसे, हे सरळ वाटेने जाऊन पाहिलं की कळतं. संख्येचं वर्गमूळ ६४२६५१ आणि ६४२६५२ यांच्या मध्ये आहे. लहान मूळ संख्यांनी क्रमाने भागत जायचं तर त्या मर्यादेपर्यंत साधारण बावन्न हजार मूळ संख्या येतात. अवयव सापडेल तशी मर्यादा खाली येते हे खरं, पण या संख्येत ३ नंतरचा अवयव थेट १०१ आहे. मधल्या तेवीस मूळ संख्यांच्या कसोट्या बारा अंकी भाज्यावर करताना हातून चूक होतेच.

ठेवण ओळखली की पहिलं विभाजन फुकट मिळतं:

४१३००१४१३००१ = ४१३००१ × १००००००  +  ४१३००१ = ४१३००१ × १०००००१

सोलापुरी चादरीत एकच नक्षी लांबीभर पुन्हा पुन्हा येते, तसा इथे सहा अंकी ठसा सहा घरं सरकून पुन्हा उमटला आहे. १०००००१ हा गुणक सरकण्याचा, आणि ४१३००१ हा नक्षीचा. दोन्हींचा विचार वेगवेगळा करता येतो. कोणत्याही गावाचा पिनकोड दोनदा लिहिला तरी १०००००१ तोच राहील. सोलापूरचं म्हणून जे काही आहे ते सगळं ४१३००१ मध्ये.

७, ११, १३ चा मोह

इथे सर्वांत जास्त मुलं फसतात. तीन अंकी संख्या दोनदा लिहिली, जसं ४१३४१३, तर ती १००१ ने म्हणजे ७ × ११ × १३ ने भागली जाते. ही युक्ती अनेकांना पाठ असते. म्हणून सहा अंकी संख्या दोनदा लिहिली तरी तसंच होईल, असं गृहीत धरलं जातं. तसं होत नाही. १००० ला १००१ ने भागल्यास बाकी −१, म्हणून दहा लाखांची बाकी (−१)² = १, आणि १०००००१ ची बाकी २. शून्य नाही.

थेट पडताळा हवा असेल तर तीन-तीन अंकांचे गट उजवीकडून एक आड एक अधिक-उणे करायचे: १ − ४१३ + १ − ४१३ = −८२४. त्यात १००१ मिळवले की १७७. या १७७ ला ७ ने भागल्यास बाकी २, ११ ने १, १३ ने ८. म्हणजे तिन्ही अवयव बाद. एकाच बेरजेत तीन कसोट्या होतात, म्हणून ही पद्धत हाताशी ठेवण्यासारखी आहे. फक्त ती कुठल्या ठेवणीला लागू पडते ते तपासायला हवं.

१०००००१ चे अवयव

१०००००१ म्हणजे १००³ + १³. घनांच्या बेरजेचं सूत्र शाळेतलंच:

१००³ + १ = (१०० + १)(१०००० − १०० + १) = १०१ × ९९०१

१०१ मूळ आहे हे तोंडी कळतं. ९९०१ चं काय? त्याचं वर्गमूळ ९९.५ च्या आसपास, म्हणजे शंभराच्या आतल्या पंचवीस मूळ संख्या तपासाव्या लागतील असं वाटतं. प्रत्यक्षात पाचच पुरतात. समजा प ही मूळ संख्या ९९०१ ला भागते. मग ती १०⁶ + १ लाही भागते, म्हणजे प ने भागल्यावर १०⁶ ची बाकी −१ आणि १०¹² ची बाकी १. १० चा जो सर्वांत लहान घात बाकी १ देतो तो १२ चा विभाजक असणार, पण ६ चा नसणार. म्हणजे ४ किंवा १२. तो ४ असता तर १०² ची बाकी −१ आली असती, आणि १०⁴ − १०² + १ ची बाकी १ + १ + १ = ३. ती शून्य व्हायला प = ३ लागेल, पण ९९०१ च्या अंकांची बेरीज १९, तेव्हा ३ बाद. उरतो १२. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार १२ ने प − १ ला भाग गेला पाहिजे. शंभराच्या आत अशा मूळ संख्या पाचच: १३, ३७, ६१, ७३, ९७. त्यांनी ९९०१ ला भागल्यास बाक्या अनुक्रमे ८, २२, १९, ४६, ७ येतात. म्हणून ९९०१ मूळ आहे.

याच कारणामुळे १ ÷ ९९०१ चं दशांश रूप बरोबर बारा अंकांनी पुन्हा येतं: ०.०००१००९९९८९९ आणि पुढे तेच. कागदावर भागाकार करून पाहण्याजोगा आहे.

४१३००१ फोडताना

अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो: ४१३००१ = ९ × ४५८८९. उरलेल्या ४५८८९ च्या अंकांची बेरीज ३४, तेव्हा ३ चा आणखी अवयव नाही. ४५८८९ चं वर्गमूळ २१४ च्या थोडं पुढे.

७ पासून क्रमाने मूळ संख्यांनी भागत गेलं तर सव्विसाव्या भागाकाराला उत्तर येतं: ४५८८९ = १०९ × ४२१. चालण्याजोगी वाट आहे.

फर्माची वर्गांच्या वजाबाकीची पद्धत इथे जशीच्या तशी लावली तर निराशा होते. २१५ पासून सुरुवात करून प्रत्येक संख्येच्या वर्गातून ४५८८९ वजा करायचे आणि उरलेला पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचं. तसं २६५² − ४५८८९ = २४३३६ = १५६² ला पोचायला एक्कावन्न पावलं लागतात. कारण उघड आहे: ही पद्धत जवळजवळच्या अवयवांसाठी आहे, आणि १०९ व ४२१ एकमेकांपासून लांब आहेत.

पण ४२१ हे १०९ च्या जवळजवळ चौपट आहेत. संख्येला ४ ने गुणलं की अवयव ४३६ आणि ४२१ असे शेजारी येतात. मात्र एक सम आणि एक विषम, त्यामुळे त्यांची अर्धी बेरीज पूर्णांक राहत नाही. म्हणून आणखी ४ ने, एकूण १६ ने गुणायचं:

१६ × ४५८८९ = ७३४२२४
८५७² = ७३४४४९
७३४४४९ − ७३४२२४ = २२५ = १५²

पहिल्याच पावलाला काम झालं. (८५७ − १५)(८५७ + १५) = ८४२ × ८७२, आणि यातले २ चे घात काढून टाकले की ४२१ व १०९ राहतात. अवयवांचं प्रमाण आधी ठाऊक नसतं हे खरं. म्हणून १, ३, ८, १६ अशा गुणकांवर दोन-दोन पावलं टाकून बघायची. प्रमाण तिपटीच्या जवळ असेल तर ३ लागू पडतो, दुपटीच्या जवळ असेल तर ८. आठ-दहा वजाबाक्यांत निकाल लागला तर लागला, नाहीतर भागाकार आहेतच.

४२१ हे २१² पेक्षा लहान, तेव्हा १९ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की ते मूळ असल्याची खात्री होते. आता पूर्ण विघटन:

४१३००१४१३००१ = ३² × १०१ × १०९ × ४२१ × ९९०१

खरा ऐवज: दोन वर्गांची बेरीज

या पाच मूळ अवयवांना ४ ने भागून बाकी पाहा. १०१, १०९, ४२१, ९९०१, चौघांचीही बाकी १. एकट्या ३ ची बाकी ३, आणि त्याचा घात सम आहे. ही अट पुरी झाली की संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, आणि अट मोडली तर कधीच येत नाही. ४ ने भागून १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, हे पिएर द फर्मा यांनी २५ डिसेंबर १६४० च्या मेर्सेन यांना लिहिलेल्या पत्रात मांडलं, आणि लिओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर सिद्ध केलं. आपल्या चार संख्यांचे वर्ग असे:

१०१ = १०² + १²
१०९ = १०² + ३²
४२१ = १५² + १४²
९९०१ = ९९² + १०²

आता हे गुणायचे. त्यासाठी लागणारं साधन भारतीय गणितात फार जुनं आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात वर्गप्रकृतीच्या समीकरणांसाठी ‘भावना’ नावाची जी गुणाकाराची रीत दिली, तिचंच हे एक विशेष रूप:

(अ² + ब²)(क² + ड²) = (अक + बड)² + (अड − बक)²
(अ² + ब²)(क² + ड²) = (अक − बड)² + (अड + बक)²

एकाच गुणाकारातून दोन उत्तरं निघतात, एकदा बेरजेने, एकदा वजाबाकीने. १०९ आणि ४२१ ला लावू. १० × १५ = १५०, ३ × १४ = ४२, १० × १४ = १४०, ३ × १५ = ४५. म्हणून

४५८८९ = १९२² + ९५² = १०८² + १८५²

दोन्हीकडे ३ ने गुणलं की ९ चा हिशेब पुरा होतो:

४१३००१ = ५७६² + २८५² = ५५५² + ३२४²

सोलापूरचा पिनकोड दोन वर्गांची बेरीज आहे, तीही दोन वेगवेगळ्या प्रकारे. ३ ने गुणण्याखेरीज दुसरा मार्गच नव्हता, कारण वर्गाला ३ ने भागल्यास बाकी ० किंवा १ च येते. दोन वर्गांची बेरीज ३ ने भागली जायची तर दोन्ही वर्गमूळं ३ च्या पटीत असलीच पाहिजेत.

तसंच १०००००१ = १०००² + १² = ९८०² + १९९². यातलं पहिलं डोळ्यांनी दिसतं, दुसरं भावनेवाचून सुचणं अवघड.

४१३००१ ची दोन रूपं, १०००००१ ची दोन रूपं, आणि प्रत्येक जोडीतून दोन उत्तरं. एकूण आठ:

५७६२८५² + २८४४२४²
५७५७१५² + २८५५७६²
५५५३२४² + ३२३४४५²
५५४६७६² + ३२४५५५²
६२११९५² + १६४६७६²
५०७७६५² + ३९३९२४²
६०८३७६² + २०७०७५²
४७९४२४² + ४२७९६५²

आठही बेरजा बरोबर ४१३००१४१३००१. नववी नाही. ३ सोडून चार वेगळे मूळ अवयव, प्रत्येकाचा घात १; म्हणून चिन्ह आणि क्रम धरून रूपं ४ × २⁴ = ६४, आणि चिन्ह-क्रम सोडले की ६४ ÷ ८ = ८.

पहिल्या चार ओळींत एक गंमत दडली आहे. ५७६ आणि २८५ शेजारी लिहिले की ५७६२८५, उलट लिहिले की २८५५७६. ५५५ आणि ३२४ चंही तेच. भावनेत १००० आणि १ घातले की बेरीज म्हणजे नुसतं शेजारी लिहिणं होतं. पण इथेच नेहमीची चूक होते: ५५५३२४ ची जोडी ३२४५५५ शी लावली जाते, कारण ती दिसायला छान आहे. त्यांच्या वर्गांची बेरीज ४१३७२०६९३००१ येते, म्हणजे ७१९२८०००० ने जास्त. एका कंसात बेरीज असेल तर दुसऱ्यात वजाबाकी हवीच, तरच मधली दुप्पट पदं एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून ५५५३२४ ची खरी जोडीदार ३२४००० − ५५५ = ३२३४४५.

पडताळ्यासाठी बारा अंकी कॅल्क्युलेटर पुरेसा आहे. आधी मेमरी मोकळी करा. ५७६२८५ × ५७६२८५ करून एम-प्लस दाबा. पडद्यावर ३३२१०४४०१२२५ दिसेल. मग २८४४२४ × २८४४२४ करून पुन्हा एम-प्लस, पडद्यावर ८०८९७०११७७६. एम-आर दाबल्यावर ४१३००१४१३००१ आलं पाहिजे. दहा अंकी कॅल्क्युलेटरवर हा पडताळा होत नाही. तो शेवटचे अंक गाळून घातांकात उत्तर दाखवतो, आणि गाळलेले अंकच आपल्याला तपासायचे असतात.

उलट दिशेने: वर्गांवरून अवयव

समजा ४५८८९ चे अवयव माहीत नाहीत. तरीही वर्गांच्या बेरजा आधी शोधून, त्यांतून अवयव काढता येतात. ही ऑयलरची पद्धत, आणि चौथ्या-पाचव्या भागाकाराला कंटाळणाऱ्या विद्यार्थ्याला ती मनापासून आवडते.

शोध आंधळा नाही. वर्गाचा शेवटचा अंक ०, १, ४, ५, ६, ९ यांपैकीच असतो. ४५८८९ चा शेवटचा ९ बनायला ० + ९ किंवा ४ + ५ हेच पर्याय आहेत. दोन्हींत एक वर्ग ५ च्या पटीत. म्हणजे दोन संख्यांपैकी एक ५ ने भागली जाते, आणि फक्त तिच्याच मागे लागायचं. पुढे १६ ची बाकी पाहा: ४५८८९ ला १६ ने भागल्यास १ उरतो. ५ च्या पटीतली ती संख्या सम असेल तर ती ४ च्याही पटीत असावी लागते, म्हणजे २० च्या पटीत: २०, ४०, ... २००, एकूण दहा. विषम असेल तर ८ ने भागल्यावर तिची बाकी १ किंवा ७ हवी: १५, २५, ५५, ६५, ९५, १०५, १३५, १४५, १७५, १८५, याही दहा. वीस वजाबाक्या, वीस वर्गमूळं. ९५ वर ३६८६४ = १९२² मिळतं आणि १८५ वर ११६६४ = १०८². बाकी अठरा निष्फळ.

आता सम संख्या एकत्र, विषम एकत्र:

१९२ − १०८ = ८४, १९२ + १०८ = ३००
१८५ − ९५ = ९०, १८५ + ९५ = २८०

दोन वजाबाक्यांचा मसावि ६. त्याने भागल्यावर ८४ चे १४ आणि ९० चे १५. दोन बेरजांचा मसावि २०. दोन्ही मसाविंची निमपट घ्या: ३ आणि १०. मग

४५८८९ = (३² + १०²)(१४² + १५²) = १०९ × ४२१

मसावि जोडताना सम-विषमांची सरमिसळ केली, म्हणजे १९२ मधून ९५ वजा केले, तर सगळे फरक विषम येतात आणि निमपट करताना हिशेब अडतो. तसं झालं की पद्धत चुकीची नाही, जोड्या चुकल्या आहेत असं समजावं.

झटपट मिळणारे बाकीचे गुणधर्म

विघटन हातात आलं की हे दोन-चार ओळींचं काम. विभाजकांची संख्या ३ × २ × २ × २ × २ = ४८. सर्व विभाजकांची बेरीज १३ × १०२ × ११० × ४२२ × ९९०२ = ६०९४९७०१३८४०. त्यातून संख्या स्वतः वजा केली तर १९६४९५६००८३९ उरतात, जे संख्येच्या निम्म्यापेक्षाही कमी आहेत. संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ अशा संख्या ६ × १०० × १०८ × ४२० × ९९०० = २६९४३८४०००००.

ती पूर्ण वर्ग आहे का? ८ ने भागून बाकी १, आणि ९ ने पूर्ण भाग जातो; वर्गाच्या दोन्ही नेहमीच्या कसोट्या ती पार करते, तरीही वर्ग नाही. विघटनात १०१ चा घात १ आहे, तिथेच निकाल लागतो. या कसोट्या नकार देऊ शकतात, होकार नाही.

देवळालीच्या द. रा. कापरेकर यांनी स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्येला हर्षद संख्या म्हटलं. ४१३००१ हर्षद आहे, कारण बेरीज ९. दोनदा लिहिली की बेरीज १८ होते, आणि विषम संख्येला १८ ने भाग जाणं शक्य नाही. हर्षदपण गेलं.

४१३००१ हा काटकोन त्रिकोणाचा कर्णही होतो, वर्गांच्या बेरजेवरून थेट: बाजू ५७६² − २८५² = २५०५५१ आणि २ × ५७६ × २८५ = ३२८३२०. दुसऱ्या रूपावरून २०३०४९ आणि ३५९६४०.

यंत्र कुठे फसवतं

संगणकावर करायचं तर भाषेतल्या पूर्णांकाची मर्यादा आधी पाहा. बत्तीस बिटांच्या पूर्णांकात २१४७४८३६४७ च्या पुढची संख्या मावत नाही. वरचे बिट गळले तर ४१३००१४१३००१ च्या जागी ६८४५५२५८५ उरते. ती ऋण नाही, विचित्र दिसत नाही, म्हणून संशय येत नाही. पण ती ५ ने भागली जाते, आणि आपली मूळ संख्या १ ने संपते. विघटनात ५ दिसला की इथेच गडबड आहे. चौसष्ट बिटांचा पूर्णांक घेतला की अडचण मिटते. पायथॉनमध्ये ही काळजीच नाही.

एक्सेलमध्ये बारा अंक नीट राहतात, फक्त रकान्याच्या नेहमीच्या (जनरल) मांडणीत ते घातांकात दिसतात. रकान्याची मांडणी बदलली की झालं. मर्यादा पंधरा अंकांची आहे, आणि ती पुढच्या प्रश्नात आडवी येते.

तीनदा लिहिली तर

४१३००१४१३००१४१३००१ हे अठरा अंक एक्सेलच्या रकान्यात टाकले की शेवटचा १ जाऊन ० होतो. संख्या एकदम १० ने भागली जाऊ लागते आणि ९ ने भाग जाणं थांबतं. म्हणून हा भाग कागदावरच करावा.

या वेळी गुणक १०¹² + १०⁶ + १ आहे, सलग लिहिल्यास १०००००१०००००१. शून्यांची मोजणी इथे हमखास चुकते, म्हणून घातांकातच लिहिणं बरं. त्याच्या अंकांची बेरीज ३: म्हणजे ३ ने भाग जातो, ९ ने नाही. ४१३००१ मध्ये ३ चा घात २ होता, आता तो ३ झाला. विषम घात. बाकीचे अवयव न काढताच उत्तर मिळालं: ही संख्या दोन वर्गांची बेरीज होऊच शकत नाही. अवयव काढले तरी तेच दिसतं, कारण गुणकाचं विघटन ३ × १९ × ५२५७९ × ३३३६६७ आहे आणि त्यातल्या १९ ची ४ ने भागल्यावरची बाकी ३. दोनदा लिहिल्यावर आठ रूपं, तीनदा लिहिल्यावर एकही नाही. आणि हर्षदपण परत येतं: अंकांची बेरीज २७, अवयवांत ३³ आहेच.

शेजारपाजार

वर्गांच्या बेरजेची कसोटी जिल्ह्यातल्या इतर पिनकोडांना लावणं सोपं आहे. दहा लाखांपर्यंतच्या संख्यांमध्ये पाचांत एकापेक्षा किंचित जास्त संख्या या कसोटीला उतरतात. त्यांचं प्रमाण पुढे पुढे विरळ कसं होत जातं हे एडमंड लांडाऊ यांनी १९०८ मध्ये सिद्ध केलं, आणि रामानुजन यांनी स्वतंत्रपणे शोधून १९१३ मध्ये हार्डींना कळवलं.

शहरातल्या ४१३००३ ला ४ ने भागल्यास बाकी ३; एका क्षणात बाद. ४१३००४ च्या अंकांची बेरीज १२, ३ ने भाग जातो पण ९ ने नाही, तोही बाद. पंढरपूरचा ४१३३०४, बेरीज १५, त्याच कारणाने बाद. अक्कलकोटचा ४१३२१६ मात्र २⁵ × ३७ × ३४९ आहे, आणि ३७ व ३४९ दोन्ही ४ ने भागून १ उरणाऱ्या. भावना लावली की

४१३२१६ = ५००² + ४०४² = ६०४² + २२०²

बार्शीचा ४१३४०१ = ३७ × १११७३. इथे १११७३ मूळ आहे याची खात्री करायला १०३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासाव्या लागतात, तेवढं कष्टाचं काम. ते झाल्यावर १११७३ = ९७² + ४२², आणि ३७ = ६² + १² शी गुणून

४१३४०१ = ६२४² + १५५² = ५४०² + ३४९²